सत्तेपासूनचे अंतर : निर्बंध, लागेबांधे आणि कंपन्यांचा कर

२०१२ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील दहाव्या कलमात ४८ क्रमांकाचे एक उपकलम घातले. एखाद्या परदेशी कंपनीने भारतात कच्चे तेल विकले, त्याचे पैसे तिला भारतातच आणि रुपयांतच मिळाले, आणि केंद्र सरकारने राष्ट्रहित पाहून तशी अधिसूचना काढली, तर त्या उत्पन्नावर कर नाही, असा त्याचा आशय. उपकलमात कोणत्याही देशाचे नाव नाही, पण त्यामागे उभा होता इराण. अणुकार्यक्रमावरून अमेरिका आणि युरोपने त्या देशावर निर्बंध लादले होते, बँकांच्या वाटा अडवल्या होत्या, तेलाची किंमत डॉलरमध्ये पाठवणे अवघड झाले होते. तेव्हा तेलाच्या पैशांचा मोठा भाग कोलकात्याच्या युको बँकेतील खात्यात रुपयांत जमा करायचा, अशी सोय निघाली. पण पैसे भारतात मिळाले म्हणजे भारताचा कर लागू होण्याची शक्यता आली, आणि परदेशी कंपन्यांसाठी दर होता ४० टक्के. ती धास्ती या उपकलमाने संपवली. इराणच्या राष्ट्रीय तेल कंपनीने कर चुकवला नाही. तिच्यासाठी करच बाजूला झाला.

आता त्या रुपयांचे इराणने काय करायचे? डॉलर मिळणार नव्हते, म्हणून भारतातच खरेदी करायची : बासमती, चहा, औषधे आणि कोंबड्या-जनावरांसाठी सोयाबीनची ढेप. त्या वर्षांत इराण भारतीय सोयाढेपेच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक झाला. आणि इथे बुलढाणा जिल्हा या गोष्टीत शिरतो. चिखली, मेहकर, लोणार, खामगाव इथल्या बाजार समित्यांच्या आवारात ऑक्टोबरपासून सोयाबीनचे ढीग पडतात. त्याचा भाव तेलावर ठरतो तसाच ढेपेवरही ठरतो, आणि ढेपेचा भाव परदेशी गिऱ्हाइकावर. वॉशिंग्टनमधला एक हुकूम, कोलकात्यातले एक खाते, दिल्लीतले एक उपकलम आणि मेहकरच्या अडत्याची काटापट्टी अशी ही साखळी आहे. या साखळीचा अभ्यास करणाऱ्या विषयाची ही प्रस्तावना आहे, आणि ती मी मुद्दाम बुलढाण्यातून लिहायला घेतली आहे. हा विषय न्यूयॉर्क-लंडनच्या विद्यापीठांचा आहे, आपण वाणिज्य शाखेच्या मुलांनी त्यात काय करायचे, असा समज इथे आहे. तो दूर व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

विषयाचा प्रश्न साधा आहे. कंपनी कर किती आणि का भरते? १९७२ मध्ये ॲलिंगहॅम आणि सँडमो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे जे उत्तर मांडले, ते अजूनही पाठ्यपुस्तकांत पहिल्या प्रकरणात येते : पकडले जाण्याची शक्यता किती, दंड किती आणि कराचा दर किती, याचा हिशेब करून करदाता ठरवतो. हा हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्यात सगळे करदाते राज्यसत्तेपासून सारख्याच अंतरावर उभे आहेत असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात कोणी मंत्रालयाच्या दालनात बसलेला असतो, कोणी तालुक्याच्या सल्लागाराकडे फाईल घेऊन रांगेत. राजकीय लागेबांधे हे अंतर कमी करतात. आर्थिक निर्बंध त्या अंतराची किंमत वाढवतात, कारण बाजाराची नेहमीची वाट बंद झाली की परवाना, सवलत, राखीव चलन हे सगळे सत्तेच्या हातात येते. हे दोन विषय एकत्र का शिकायचे, त्याचे कारण एवढेच.

माझे म्हणणे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला ते तपासता येईल. सत्तेच्या अगदी जवळ असलेल्याला कर चुकवावा लागत नाही. कायदाच त्याच्या बाजूला सरकतो. चुकवेगिरी करावी लागते ती दूर असलेल्याला. म्हणून जो अभ्यास फक्त चुकवेगिरी मोजतो, त्यात जवळचा प्रामाणिक दिसतो आणि दूरचा चोर दिसतो. करपालन मोजायचे असेल तर कायदा कोणासाठी, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलला, हेही त्याच वहीत लिहावे लागेल.

आधी निर्बंधांची बाजू. ती समजण्यासाठी एक काल्पनिक कारखाना घेऊ. समजा, मलकापूरजवळ सोयाबीन गाळणारा एक मध्यम कारखाना आहे आणि तो ढेप इराणला पाठवतो. मे २०१९ मध्ये अमेरिकेने भारताला इराणी तेलासाठी दिलेली मुभा संपली. भारताने तेल घेणे थांबवले, म्हणजे युकोच्या खात्यात नवे रुपये पडायचे थांबले. तिथली शिल्लक आटत गेली तसे निर्यातदारांच्या पैशांवर सावट आले. आपल्या कारखान्याने माल पाठवला आहे, बिल फाडले आहे, नफा वहीत नोंदला आहे. पैसे मात्र आलेले नाहीत. प्राप्तिकर कायदा कंपनीच्या बाबतीत वहीतला नफा पाहतो. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च या अग्रिम कराच्या तारखा इराणचे पैसे येण्याची वाट पाहत नाहीत. आता मालक काय करील? अग्रिम कर थकला तर कलम २३४ ब आणि २३४ क खाली महिन्याला एक टक्का साधे व्याज लागते. हे व्याज खर्च म्हणून वजा होत नाही, पण त्यासाठी तारण लागत नाही, बँक मॅनेजरच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. बाजारात महिन्याला दीड-दोन टक्क्यांनी पैसा उचलणाऱ्या माणसाला सरकारचे देणे थकवणे हेच सर्वांत स्वस्त कर्ज ठरते.

अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांत जे पाहिले ते याच जातीचे आहे. बाहेरून पैसा मिळणे महाग झाले की कंपन्या करातून पैसा वाचवू लागतात. काही कायद्याच्या चौकटीत, काही चौकटीच्या काठावर आणि काही बाहेर. निर्बंधांची दुसरी लागण अधिक खोल जाते. माल दुसऱ्या देशाच्या नावाने फिरवणे, मधे दुबईतली एक पेढी उभी करणे, बिलातली किंमत वेगळी आणि खरी वेगळी ठेवणे, हे निर्बंध चुकवण्यासाठी शिकलेले हात कर चुकवायलाही उपयोगी पडतात. पीटर अँड्रियास या राज्यशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सर्बियाच्या उदाहरणावरून हे दाखवले. १९९० च्या दशकातील निर्बंध मोडण्यासाठी तिथे राज्यसत्ता आणि तस्कर यांची जी युती झाली, ती निर्बंध उठल्यावर मोडली नाही. निर्बंध तात्पुरते असतात, त्यांनी लावलेल्या सवयी तात्पुरत्या नसतात.

इराणमध्ये तर निर्बंधांच्या आडून तेल विकण्याचे काम सरकारने खासगी माणसांवर सोपवले. बाबक झंजानी हा त्यांतला सर्वांत गाजलेला. डिसेंबर २०१३ मध्ये त्याला अटक झाली, तेलाचे अब्जावधी डॉलर सरकारकडे भरले नाहीत या आरोपावरून २०१६ मध्ये फाशीची शिक्षा झाली, आणि पुढे ती तुरुंगवासात बदलली. त्याच्या जवळिकीचे मोल निर्बंधांमुळे वाढले होते, आणि ती जवळीक गेली त्या दिवशी त्याचे काहीच उरले नाही. रशियाबद्दल आन आणि लुडेमा यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही इथे वाचण्यासारखा आहे. निर्बंध लागलेल्या कंपन्यांचे उत्पन्न, मालमत्ता, नोकर सगळे घटले. पण ज्या कंपन्या सरकारला मोक्याच्या वाटत होत्या त्यांना सरकारने पाठीशी घातले. पाठीशी घालायला पैसा लागतो. तो कोणाच्या करातून आला, हा प्रश्न या अभ्यासाने पुढच्या अभ्यासकासाठी मोकळा ठेवला आहे.

हे सगळे परदेशातले वाटत असेल, तर वऱ्हाडच्या इतिहासाकडे वळा. मी तर म्हणेन की राजकीय लागेबांधे आणि महसूल यांचा अभ्यास सुरू करायला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वऱ्हाडाइतकी समृद्ध जागा भारतात थोडी सापडेल. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि हैदराबादचा कारभार राजा चंदूलालच्या हाती. तिजोरी रिकामी, फौजेचा पगार थकलेला. पैसे पुरवायला पुढे आली विल्यम पामर यांची पेढी. कंपनी सरकारच्या प्रदेशातील युरोपियनांनी देशी संस्थानिकांना कर्ज देऊ नये, अशी बंदी ब्रिटिश पार्लमेंटने १७९७ मध्येच घातलेली होती. पण १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने पामर पेढीला तीतून सूट दिली. पेढीतला एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड हा हेस्टिंग्जने वाढवलेल्या मुलीचा नवरा होता. वऱ्हाडातल्या घोडदळाचा पगार पेढीने भागवायचा आणि त्याबदल्यात महसूल पेढीच्या नावे लावायचा, अशी व्यवस्था झाली. म्हणजे इथला कुणबी जो सारा भरत होता, तो गावच्या पाटलाकडून देशमुखाकडे आणि तिथून एका सावकारी पेढीच्या व्याजात जात होता. १८२० मध्ये हैदराबादेत इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफने हे प्रकरण उकरले. हेस्टिंग्ज १८२३ मध्ये मायदेशी गेला, सूट काढून घेतली गेली आणि १८२४ मध्ये पेढी बुडाली.

मला या कथेत भ्रष्टाचाराचे नाट्य कमी आणि यंत्रणेचा तपशील जास्त मोलाचा वाटतो. बंदी सर्वांसाठी होती, सूट एकाला होती. त्या सुटीचे सारे मोल बंदीमुळेच निर्माण झाले होते. बंदी नसती तर मुंबई-मद्रासच्या इतर पेढ्या कमी व्याजाने पुढे आल्या असत्या आणि पामरला चंदूलालची मर्जी एवढी फळली नसती. निर्बंध आणि लागेबांधे यांचे नाते याहून स्वच्छ कुठे दिसणार?

पामर गेला, पण जागा रिकामी राहिली नाही. वऱ्हाडाचा बराच भाग पूरणमल नावाच्या सावकाराच्या इजाऱ्यात, म्हणजे महसूल वसुलीच्या मक्त्यात, गेला. १८३९ मध्ये रेसिडेंटच्या हुकुमाने तो काढून विकाजी आणि पेस्तनजी या मेहेरजी बंधूंच्या पारशी पेढीकडे सोपवला गेला. ही पेढी निव्वळ इजारदार नव्हती. १८२५-२६ मध्ये वऱ्हाडातून मुंबईला कापसाची पहिली मोठी निर्यात तिने केली होती, शेतकऱ्यांना आगाऊ रकमा दिल्या होत्या, खामगाव आणि इतर ठिकाणी गाठी बांधण्याचे दाब बसवले होते. कापसाच्या खामगावची पायाभरणी या पेढीच्या पैशाने झाली असे म्हणणे वावगे होणार नाही. पण तिच्या व्यापाराचे भांडवल महसुलाच्या इजाऱ्यात अडकलेले होते आणि इजारा चंदूलालच्या खुर्चीला बांधलेला. १८४३ मध्ये चंदूलाल पायउतार झाला. त्यानंतर दोनेक वर्षांतच पेढीला वऱ्हाड सोडावे लागले. इथे अभ्यासकाने थांबून पाहावे : एकाच पेढीत उद्योजकपण आणि लागेबांधे दोन्ही होते. लागेबांधे असलेली प्रत्येक कंपनी निरुपयोगी असते असे नाही. पण तिचे भले-बुरे कापसाच्या भावाऐवजी एका माणसाच्या पदावर अवलंबून राहते. आणि ती बुडाली की तिच्याबरोबर आगाऊ रक्कम घेतलेले कापूसवालेही उघडे पडतात.

निजामाचे देणे वाढतच गेले आणि १८५३ च्या तहाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे आले. १८६० च्या तहात धाराशिव आणि रायचूर दुआब परत गेले, वऱ्हाड राहिले. नावाने राज्य निजामाचे, वसुली इंग्रजांची, आणि खर्च भागून उरेल ते निजामाला. इंग्रजांनी कारभाराचा खर्च इतका फुगवला की उरायचे थोडेच, अशी हैदराबादची तक्रार तिथला दिवाण सालारजंग अखेरपर्यंत करत राहिला. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून कायमचा पट्टा करून घेतला, तेव्हा कुठे तो हिशेब बंद झाला.

याच काळात वऱ्हाडाला बाहेरच्या नाकेबंदीचा पहिला अनुभव आला, आणि तो नफ्याचा होता. १९ एप्रिल १८६१ रोजी लिंकनने अमेरिकेतील दक्षिणी राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि सारा इंग्लंड हिंदुस्थानकडे वळला. वऱ्हाडातली काळी जमीन कापसाखाली गेली, भाव चढले, मुंबईत प्रेमचंद रायचंदच्या काळातील शेअरबाजाराचा उन्माद उभा राहिला आणि १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपताच कोसळला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ, मलकापूर, शेगाव करत नागपूरला पोचला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा लॉर्ड मेयोच्या उपस्थितीत सुरू झाला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, बुलढाण्यात ते आले १९०५ च्या फेररचनेत.

करांच्या अभ्यासकाने या सुगीकडे कसे पाहावे? ब्रिटिश हिंदुस्थानात प्राप्तिकर आला १८६० मध्ये, जेम्स विल्सनच्या हातून, १८५७ नंतरची तूट भरायला. तो मोडीत निघाला १८६५ मध्ये. म्हणजे कापसाच्या नफ्याची वर्षे आणि पहिल्या प्राप्तिकराची वर्षे जवळजवळ एकच. तरीही त्या नफ्याचा कायमचा, नियमित कर राज्याला बसवता आला नाही, आणि पुढे १८८६ पर्यंत प्राप्तिकर येत-जात राहिला. उलट वऱ्हाडात याच दशकात रयतवारी मोजणी होऊन तीस वर्षांचा जमीन-सारा ठरू लागला. नफा कमावणारा व्यापारी आणि सारा भरणारा कुणबी ही दोन वेगळी माणसे होती. एकाचे उत्पन्न बिलात आणि हुंडीत, हलते. दुसऱ्याचे शेतात, बांधाच्या आत, मोजलेले. कराने जे दिसते तेच पकडले. बाहेरच्या निर्बंधातून आलेला नफा कोणाला मिळतो आणि कराचे ओझे कोणावर टिकते, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी असू शकतात, हे खामगावच्या कापसाने दीडशे वर्षांपूर्वी दाखवून ठेवले आहे. इराणच्या ढेपेबाबत हाच प्रश्न अजून कोणी जिल्हास्तरावर नीट सोडवलेला मला दिसत नाही.

लागेबांध्यांवरचे आधुनिक संशोधन आता बरेच मोठे आहे. इथे मी वाटचाल तेवढी दाखवतो. रेमंड फिस्मन यांनी २००१ मध्ये इंडोनेशियात एक सुंदर युक्ती वापरली : सुहार्तोंच्या प्रकृतीबद्दल वाईट बातमी आली की त्यांच्या जवळच्या कंपन्यांचे शेअर इतरांपेक्षा जास्त पडत, आणि त्या फरकात जवळिकीची किंमत दिसत होती. मारा फाचिओ यांनी २००६ मध्ये ४७ देशांतील कंपन्यांचे लागेबांधे मोजले. त्याच वर्षी मलेशियावरील एका अभ्यासात जवळच्या कंपन्यांचा प्रत्यक्ष करदर कमी निघाला. ट्युनिशियात बेन अली यांच्या कुटुंबाच्या कंपन्या आयातीची किंमत कमी दाखवून जकात वाचवत होत्या, हे त्यांची सत्ता गेल्यावर मिळालेल्या नोंदींतून उघड झाले. अमेरिकेतही किम आणि झांग यांना जवळच्या कंपन्या करात अधिक धाडसी दिसल्या. पण चीनमध्ये काही सरकारी कंपन्या उलट जास्त कर भरताना सापडल्या, कारण त्यांच्या व्यवस्थापकांची बढती सरकारच्या हातात होती. तेव्हा लागेबांधे म्हणजे कमी कर असे सूत्र पाठ करू नका. सत्ता जवळच्याकडून काय मागते, यावर ते ठरते. कधी देणगी, कधी रोजगार, कधी निवडणुकीतली माणसे, कधी करच.

महाराष्ट्रापुरते म्हणायचे तर हे संशोधन साखर कारखान्यांभोवती फिरते. संदीप सुखटणकर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की ज्या कारखान्यांचे अध्यक्ष राजकारणात होते, त्यांनी निवडणुकीच्या वर्षांत उसाला कमी भाव दिला. कराच्या बाजूने मात्र हे प्रकरण फार गुंतागुंतीचे आहे आणि मी त्यावर जरा रेंगाळणार आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ठरणाऱ्या किमान भावापेक्षा सहकारी कारखाने सभासदांना जास्त भाव देत. प्राप्तिकर खात्याचे म्हणणे : हा जादा भाव म्हणजे नफ्याची वाटणी, तो खर्च म्हणून वजा होणार नाही, त्यावर कर भरा. कारखान्यांचे म्हणणे : सभासद शेतकऱ्याला दिलेली उसाची किंमत हा आमचा कच्च्या मालाचा खर्च. खटले वर्षानुवर्षे चालले. मार्च २०१९ मध्ये तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या भावातला नफ्याचा भाग कोणता हे अधिकाऱ्याने प्रत्येक कारखान्यापुरते तपासून ठरवावे. मधे २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सरकारने ठरवलेल्या भावापर्यंतची रक्कम २०१६-१७ पासून खर्च म्हणून मान्य झाली होती. जुनी थकबाकी मात्र डोक्यावर होती. जुलै २०२१ मध्ये केंद्रात सहकार मंत्रालय झाले आणि १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ पूर्वीच्या रकमाही खर्च धरायची मुभा मिळाली. सुमारे १०,००० कोटी रुपयांचा हा दिलासा, असे अर्थमंत्र्यांनी सांगितले.

हा लागेबांध्यांचा विजय, की एका खऱ्या तक्रारीला उशिरा मिळालेला न्याय? मी यावर खूप विचार केला आहे आणि माझे मत असे आहे की तक्रार खरी होती. सहकारी संस्थेत गिऱ्हाईक, मालक आणि माल पुरवणारा एकच असतो. तिथे किंमत कुठे संपते आणि नफा कुठे सुरू होतो, याची रेघ कंपनीच्या कायद्यावरून सरळ ओढता येत नाही. पण तेवढीच खरी असलेली तक्रार एखाद्या तालुक्याच्या जिनिंगवाल्याची असती, तर तिला अर्थसंकल्पीय भाषणात ओळ मिळाली असती का? आणि दुसरबीडच्या जिजामाता कारखान्यासारख्या, बुलढाण्यात बंद पडलेल्या कारखान्याच्या सभासदाला त्या दिलाशाचा काय उपयोग? लागेबांध्यांचा अभ्यास करताना सवलत योग्य होती की अयोग्य, हा एक प्रश्न. ती मिळण्याचा मार्ग सर्वांना खुला होता का, हा दुसरा. दोन्ही वेगळे ठेवा. यांची गल्लत झाली की अभ्यास पत्रकबाजी होतो.

सत्तेपासून दूर असलेल्याची चुकवेगिरी कशी दिसते, तेही पाहायला हवे, आणि ते सहानुभूतीने पाहायला हवे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४० अ (३) प्रमाणे एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर तो खर्च नाकारला जातो. पण शेतमाल पिकवणाऱ्या शेतकऱ्याला दिलेली रोख नियम ६ डीडी खाली चालते. वस्तू व सेवा कर आल्यानंतर नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा कर घेणाऱ्याने स्वतः भरायचा, असा नियम झाला. खेडा खरेदी करणाऱ्या मधल्या व्यापाऱ्याचा बिनबिलाचा माल वहीत थेट शेतकऱ्याच्या नावे दाखवण्याचा मोह या दोन नियमांच्या फटीत बसतो. तो गैर आहे, आणि ज्याची बिले पक्की असतात त्या शेजारच्या प्रामाणिक जिनिंगवाल्याचे तो नुकसान करतो. पण सरकारी नोंदीत पकडला जाणारा हाच. अर्थसंकल्पासोबत २००६-०७ पासून जो सवलतींमुळे बुडालेल्या महसुलाचा तक्ता येतो, त्यात बरीच वर्षे मोठ्या नफ्याच्या कंपन्यांचा प्रत्यक्ष करदर लहान कंपन्यांपेक्षा कमी दिसत आला. त्यात बेकायदा काहीच नाही. घसारा, निर्यात, विशेष क्षेत्रे, सगळे कायद्यातले. तो तक्ता आणि जिनिंगवाल्यावरची नोटीस एकाच टेबलावर ठेवून वाचण्याची शिस्त म्हणजे हा विषय.

साधने कुठे आहेत? सुदैवाने बरीच खुली आहेत. कंपनी खात्याकडे संचालकांची नावे आणि ताळेबंद मिळतात. उमेदवारांची मालमत्तेची प्रतिज्ञापत्रे २००३ पासून सक्तीची आहेत आणि त्यांत कंपन्यांतील हिस्से सापडतात. राजकीय देणगी १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८० जीजीबी खाली करपात्र उत्पन्नातून वजा होते, म्हणजे देणगी आणि कर यांचा सांधा कायद्यातच आहे. २०१७ मध्ये कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली गेली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे आणि ती दुरुस्ती दोन्ही घटनाबाह्य ठरवल्यावर देणगीदारांची यादी लोकांसमोर आली. जुन्या काळासाठी लायल यांचे १८७० चे वऱ्हाड गॅझेटियर आहे, पामर प्रकरणाची पार्लमेंटरी कागदपत्रे आहेत. आणि हे काम करण्याची परंपराही आपल्याच भाषेच्या घरात आहे : बाबासाहेब आंबेडकरांनी १९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या वित्तकारभारावर प्रबंध लिहिला आणि १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचे त्यांचे पुस्तक आले. महसूल कोण भरतो आणि त्यावर हुकूम कोणाचा, हाच त्यांचा प्रश्न होता.

दोन सावधगिऱ्या. संचालक आणि आमदार यांचे आडनाव एक आहे म्हणून नाते जोडू नका. विदर्भात एका आडनावाची दहा गावे असतात. आणि छापा पडला म्हणजे चोरी सिद्ध झाली, छापा पडला नाही म्हणजे लागेबांधे सिद्ध झाले, अशी दोन्ही घाईची अनुमाने टाळा. छाप्यानंतर काय ठरले हे प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या निकालात असते. बुलढाण्याची प्रकरणे नागपूर खंडपीठाकडे जातात आणि ते निकाल कोणालाही वाचता येतात. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला मी सांगेन की त्यांतून जिनिंग, सोया आणि पतसंस्था या तीन धंद्यांचे २०१२ ते २०२२ मधले निकाल वेगळे काढा. प्रत्येकात वादाची रक्कम किती होती, मुद्दा कोणता होता, खाते जिंकले की करदाता, आणि मधल्या काळात त्या मुद्द्यावर कायदा बदलला का, एवढे चार रकाने भरा. चौथा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागेल. त्यासाठी वित्त विधेयके आणि त्यांच्यासोबतची स्पष्टीकरणे चाळावी लागतील, आणि मदत लागली तर गावातल्या एखाद्या जुन्या करसल्लागाराला विचारा. ही माणसे कलमांच्या जन्मतारखा तोंडपाठ सांगतात.